नागपूरच्या उन्हात कोणतं प्रोबायोटिक घ्यावं? औषधाच्या दुकानातल्या मालाची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो. अँटिबायोटिकचा कोर्स सुरू झालाय आणि त्यापायी पोट बिघडू नये, एवढ्यासाठी प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत जंतू, घ्यायचं असेल तर सॅकरोमायसिस बुलार्डीची पुडी पहिली आणि बॅसिलस क्लॉसायची छोटी बाटली दुसरी. लॅक्टोबॅसिलसच्या कॅप्सूल चांगल्या असू शकतात, पण मार्चअखेरपासून पाऊस पडेपर्यंत दुकानदाराच्या फ्रिजची खात्री असल्याशिवाय त्या नकोत. याकुल्ट हे पेय आहे, पेय म्हणूनच प्यावं. आणि अँटिबायोटिकच्याच गोळीत कोंबलेलं ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’ हिशेबातच धरू नये.

टायफॉइड, कॉलरा किंवा पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची हगवण यांपासून वाचण्यासाठी मात्र यातलं काहीही विकत घेऊ नका. पैसे जातील ते जातील, वर उगाच निर्धास्तपणा येईल.

असं का, ते थोडक्यात. आपल्या आतड्यात आधीपासून कोट्यवधी जिवाणू ठाण मांडून असतात. जागा आणि अन्न दोन्ही त्यांनी व्यापलेलं असल्यामुळे रोगजंतूला सहज शिरकाव मिळत नाही. शिवाय ते आम्ल तयार करतात, काही जण शेजाऱ्याला मारणारी प्रथिनंही सोडतात. अँटिबायोटिक या राखणदारांनाही झोडपतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा उपद्रवी जंतू वाढतो. बाहेरून दिलेलं प्रोबायोटिक या मधल्या काळात जागा अडवून धरतं. ते तिथे कायमचं राहत नाही. घेणं थांबवलं की बहुतेक जाती आठवड्या-दोन आठवड्यांत शौचावाटे निघून जातात. म्हणून ‘एकदा कोर्स केला की वर्षभर पोट मजबूत’ हा काउंटरवरचा दावा सोडून द्यावा.

कल्पना जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात आल्फ्रेड निस्ल या जर्मन डॉक्टरने एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलाय या जिवाणूची एक जात वेगळी केली. आजूबाजूचे सगळे आमांशाने आडवे झाले असताना हा गडी ठणठणीत होता. ‘ई. कोलाय निस्ल १९१७’ म्हणून ती जात आजही ओळखली जाते. बुलार्डी हे यीस्ट त्यानंतर थोड्याच वर्षांतलं: आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून ते मिळवलं.

आता पुराव्याचं बघू, कारण दुकानातल्या पोस्टरवर फक्त सोयीचे आकडे असतात. कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. अँटिबायोटिक घेणाऱ्या मुलांवरच्या चाचण्यांचा तिचा २०१९ चा आढावा आहे. प्रोबायोटिक घेतलेल्यांत ८ टक्के मुलांना जुलाब झाले, न घेतलेल्यांत १९ टक्के. हा फरक खरोखर मोठा आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या जुलाबांबद्दल २०१७ चा आढावा ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर उतार दाखवतो. म्हणजे अँटिबायोटिकसोबत घेण्याला चांगला आधार आहे.

पण जुलाब आधीच लागलेत आणि मग प्रोबायोटिक सुरू केलं, तर? इथे पोस्टर गप्प बसतं. २०१८ मध्ये अमेरिकेत ९७१ आणि कॅनडात ८८६ लहान मुलांवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. एकीत लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, दुसरीत दोन लॅक्टोबॅसिलसचं मिश्रण वापरलं. दोन्हींत खोट्या औषधापेक्षा काडीचा फरक दिसला नाही. बॅसिलस क्लॉसायच्या मुलांमधल्या चाचण्या एकत्र केल्या तर जुलाबाचा काळ सरासरी नऊ तासांनी कमी होतो, एवढंच निघतं. नऊ तास म्हणजे काहीच नाही असं नाही, पण त्यासाठी ओआरएसकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही.

आणि निरोगी माणसाने रोज घेतलं तर? आपल्याकडच्या परिस्थितीला सगळ्यात जवळची चाचणी कोलकात्यातल्या झोपडपट्टीची. एक ते पाच वर्षांची ३,७५८ मुलं, बारा आठवडे रोज याकुल्ट किंवा साधं पोषक पेय, आणि नंतर बारा आठवडे नजर. जुलाबांपासून संरक्षण निघालं १४ टक्के. एका मुलामागे ८४ बाटल्या धरा आणि घरचा हिशेब करा. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाबाचे प्रसंग सुमारे ३० टक्क्यांनी घटतात, असं कॉक्रेनचाच आढावा सांगतो. साबणाची वडी किती पुरते ते सांगायला नको.

ओडिशातल्या नवजात बाळांची २०१७ ची चाचणी बरेच जण पुढे करतात. ४,५५६ बाळं, सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारमची एक ठरावीक जात आणि सोबत तिचं खाद्य. जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. चाचणी उत्तम, पण त्यावरून काउंटरवरची कुठलीही पुडी आणून तान्ह्या बाळाला चाटवायची नसते. जात बदलली की परिणाम बदलतो.

तर आता माल.

सॅकरोमायसिस बुलार्डी. इकोनॉर्म या नावाने सगळीकडे मिळतं. २५० मिलिग्रॅमची पुडी आणि कॅप्सूल दोन्ही. हे जिवाणू नसून यीस्ट आहे आणि हीच त्याची मोठी सोय. ऑगमेंटिन असो की सेफिक्सिम, जिवाणू मारणारं अँटिबायोटिक यीस्टला काही करत नाही, त्यामुळे दोन औषधांत तासांचं अंतर ठेवायची कटकट नाही. डिफिसिलचं विष तोडणारं एक विकर हे यीस्ट सोडतं, त्यामुळे त्या जंतूविरुद्ध त्याला खास महत्त्व आहे. मोठ्यांना साधारणपणे दिवसातून दोनदा २५० मिलिग्रॅम. पुडी गार किंवा कोमट पाण्यात, लहान मुलांना दह्यात किंवा गार दुधातही चालते. मिसळल्यावर लगेच प्यायची. कडकडीत चहात किंवा वाफाळत्या दुधात टाकली तर यीस्ट मेलं. ५० अंशांच्या वर ते तग धरत नाही. फ्लुकोनाझोलसारखी बुरशीची गोळी चालू असेल तर घेण्यात अर्थच नाही, कारण ती गोळी या यीस्टलाही मारते. नायट्याच्या गोळ्या चालू असलेले लोक हे सांगायला हमखास विसरतात आणि काउंटरवर कुणी विचारत नाही.

पुडी घेताना बोटांत चोळून बघा. पावडर सुटी, भुरभुरीत हवी. पावसाळ्यात एखादी आतून खडा झालेली लागते. पाकिटाला बारीक भोक असलं की ओल शिरते आणि सुकवलेलं यीस्ट अर्धवट जागं होऊन मरतं. असली पुडी बदलून घ्या.

बॅसिलस क्लॉसाय. एन्टेरोजर्मिनाच्या पाच मिलिलिटरच्या प्लास्टिक बाटल्या. एका बाटलीत २ बिलियन, म्हणजे २०० कोटी बीजाणू. बीजाणू म्हणजे जिवाणूचं टणक कवचातलं रूप. पोटातलं आम्ल, उष्णता आणि बरीचशी अँटिबायोटिकं त्याला सहन होतात. यातल्या चारही जाती मुद्दाम अनेक अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या निवडल्या आहेत. तरी अँटिबायोटिकच्या दोन डोसांच्या मधल्या वेळेत घ्यायची रीत पाळावी. बाटली आधी खळखळून हलवायची, कारण बीजाणू तळाशी बसतात. न हलवता वरचं पाणी पाजलं तर अर्धं औषध बाटलीतच. द्रव किंचित गढूळ दिसतो, तो खराब नाही. चव जवळपास नाहीच, म्हणून नखरेल पोरांना हेच सोपं पडतं. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे मोठ्यांना दिवसाला दोन ते तीन बाटल्या, मुलांना एक ते दोन. उघडली की तेव्हाच संपवायची. दिसायला इंजेक्शनच्या अँप्यूलसारखी असली तरी ती तोंडाने घ्यायची आहे. घरात आजारी माणसाच्या उशाशी खरीखुरी इंजेक्शनं पडलेली असतील तर ही बाटली वेगळी ठेवा.

दुसरा नंबर का? उन्हात टिकण्यात हिला पैकीच्या पैकी, पण अँटिबायोटिकचे जुलाब रोखण्याचा पुरावा बुलार्डी किंवा ऱ्हॅम्नोसस जीजीइतका भक्कम नाही. शिवाय पाच दिवसांच्या कोर्सला दिवसाला दोन म्हणजे दहा बाटल्या होतात, आणि बिल पाहून माणूस तिसऱ्या दिवशी बंद करतो. असा अर्धवट वापर करण्यापेक्षा बुलार्डीच बरी.

स्पोरलॅक आणि तिच्यासारख्या गोळ्या. लेबलवर ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस’ किंवा ‘लॅक्टिक अ‍ॅसिड बॅसिलस’. प्रत्यक्षात हा बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. खऱ्या लॅक्टोबॅसिलसला बीजाणू होत नाहीत. उष्णतेला टिकतो, स्वस्त आहे, त्रास देत नाही. पण मात्रा बघा. अँटिबायोटिकच्या जोड-गोळीत तो सहसा ६ कोटीच्या आसपास असतो, आणि मुलांमधल्या चाचण्यांत ज्या मात्रेने जास्त फायदा दिसला ती ५०० कोटी आणि वर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अशी जोड-गोळी असेल तर अँटिबायोटिक म्हणून ती जरूर घ्या, फक्त ‘त्यात प्रोबायोटिक आलंच की’ असं समजू नका.

काउंटरवर सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. एका डबीवर मिलियन, दुसरीवर बिलियन, तिसरीवर मिलिग्रॅम. एक बिलियन म्हणजे १०० कोटी, एक मिलियन म्हणजे १० लाख. ‘१०० मिलियन’ वाचायला ‘५ बिलियन’पेक्षा दांडगं वाटतं, प्रत्यक्षात ते १० कोटी आणि ५०० कोटी, पन्नास पट फरक. मोबाइलवर शून्यं मोजूनच घ्या.

लॅक्टोबॅसिलस-बायफिडोच्या कॅप्सूल. ‘प्री अँड प्रोबायोटिक’ नावाने डझनभर कंपन्या विकतात. चांगली कॅप्सूल ओळखायला तीन गोष्टी लागतात. जातीचं पूर्ण नाव हवं: नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ म्हणजे आडनाव नसलेला माणूस, पुढे ‘जीजी’ किंवा नंबर पाहिजे. प्रत्येक जातीचा आकडा वेगळा हवा. सगळ्यांची मिळून बेरीज नको. आणि तो आकडा मुदत संपेपर्यंतचा हवा. बनवतानाचा आकडा छापला असेल तर तुमच्या हातात येईपर्यंत त्यातले किती जिवंत, ते सांगता येत नाही. तिन्ही एका डबीवर क्वचित सापडतात.

याच डब्यांवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. ती असेल आणि एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असेल, तर ते अन्नपूरक आहे. औषध असेल तर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो. अन्नपूरक वाईटच असं नाही. रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जंतू असावेत असा एफएसएसएआयचा नियम त्यालाही लागू आहे. पण १० कोटी ही अन्नाची किमान पातळी झाली, कोर्समधली मात्रा नव्हे.

आणि मग ऊन. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, ४५ च्या आसपास तर बहुतेक वर्षी असतोच. एसी नसलेल्या दुकानात रात्री दहालाही फळीवर ३० च्या खाली उतरत नाही. कोरड्या लॅक्टोबॅसिलसला २ ते ८ अंश लिहिलं असेल तर त्याने घाऊक बाजारातून, म्हणजे गांधीबागेतून, किरकोळ दुकानापर्यंतचा टेम्पोचा प्रवासही थंडच करायला हवा. तो तसा झाला की नाही हे डबीवरून कळत नाही. मेलेली कॅप्सूल जिवंत कॅप्सूलसारखीच दिसते. म्हणून उन्हाळ्यात बीजाणू किंवा यीस्ट, आणि लॅक्टोबॅसिलस घ्यायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

दुकान निवडताना दुकानदाराला एकच सांगा: फ्रिजमधून काढून दाखवा. तो पाठीमागच्या फळीवरून काढायला लागला तर नको म्हणा. फ्रिज असला तरी त्यात इन्सुलिन आणि लसींच्या जोडीला कोल्ड्रिंकच्या बाटल्या असतील तर दार दिवसातून शंभरदा उघडतं. मेडिकल चौक, धंतोली, रामदासपेठ या दवाखान्यांच्या भागातल्या दुकानांचा एक फायदा: खप जास्त, त्यामुळे तारीख ताजी मिळते. कॉलनीतल्या दुकानात बुलार्डीची पट्टी सहा महिने पडून राहू शकते. घरपोच मागवत असाल तर संध्याकाळची वेळ घ्या. आणि घेतलेला माल दुपारी स्कूटरच्या डिक्कीत ठेवून सीताबर्डीच्या बाजारात खरेदीला जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीची डिक्की पन्नाशीच्या पुढे सहज जाते.

याकुल्ट. ६५ मिलिलिटरची बाटली, ६५० कोटी शिरोटा जातीचे जिवाणू, कारखाना हरियाणात सोनीपतजवळ. हे सगळं थंड साखळीवर चालतं, १० अंशांखाली. दुकानात हात लावून बघा: बाटली गार हवी, नुसती फ्रिजच्या दिव्याखाली मांडलेली नको. वरची झाकणी फुगली असेल तर घेऊ नका. तळाशी साका दिसला तर घाबरू नका, तो हलवून जातो. साखर मात्र बाटलीमागे १० ग्रॅमच्या आसपास. मधुमेह्याने लाइट घ्यावं. जुलाब लागलेल्या मुलाला पाणी म्हणून याकुल्ट पाजणं चूक. साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

घरचं दही? दही उत्तम अन्न आहे. दूध न पचणाऱ्यालाही बरंच सोसतं. पण विरजणात नेमके कोणते जंतू आहेत ते दर घरात वेगळं, त्यामुळे मात्रेचा हिशेब नाही. त्याची कढी केली की जिवंत काही उरत नाही. चव तेवढी उरते. आणि उन्हाळ्यातला मठ्ठा गाडीवर पिणार असाल तर दह्यापेक्षा त्यातल्या बर्फाची चौकशी करा. लादीचा बर्फ कुठल्या पाण्याचा, तो पोत्यावरून फरफटत आणलाय का, हे तुमच्या पोटाला ताकातल्या जिवाणूंपेक्षा जास्त महत्त्वाचं. गोठल्याने रोगजंतू मरत नाहीत.

वापराच्या वेळा. प्रोबायोटिक अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसापासून, फार तर दोन दिवसांच्या आत सुरू करायचं. उशीर केला की फायदा घसरतो. लॅक्टोबॅसिलस असेल तर अँटिबायोटिकपासून दोन तासांचं अंतर. कोर्स संपल्यावर फार तर आठवडाभर चालू ठेवा. महिनोन्‌महिने नको: २०१८ च्या एका इस्रायली प्रयोगात अँटिबायोटिकनंतर अकरा जातींचं प्रोबायोटिक घेतलेल्यांत स्वतःचे मूळ जिवाणू परत बसायला उलट उशीर लागला. प्रयोग छोटा होता, २१ जणांचा. तरी ‘जास्त घेतलं तर जास्त चांगलं’ या हिशेबाला तो छेद देतो.

जुलाब लागलेच, तर आधी ओआरएस. पाकिटावर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलेलं पाहिजे. २१ ग्रॅमच्या आसपासचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चार-साडेचार ग्रॅमचं छोटं २०० मिलिलिटरमध्ये. मोठं पाकीट पेल्यात थोडंथोडं टाकत बसायचं नाही. अंदाज चुकला की मिठाचं प्रमाण वाढतं आणि लहान मुलाला ते घातक ठरतं. चोवीस तासांनी उरलेलं ओता. टेट्रापॅकमधली फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने त्यांना नावात ‘ओआरएस’ वापरायची मनाईच केली. मुलांना झिंक १४ दिवस: सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्यांना १०. शौचातून रक्त, भाताच्या पेजेसारखे लोंढे, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल सुस्त: यात दुकानाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, थेट मेयो, मेडिकल ही सरकारी रुग्णालयं किंवा जवळचा दवाखाना.

काही जणांनी प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मानेच्या किंवा छातीच्या मोठ्या शिरेत नळी घातलेला रुग्ण असेल तर बुलार्डी नको. यीस्ट रक्तात उतरल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, आणि शेजारच्या खाटेवरही पुडी फोडायची नसते, कारण पावडर हवेत उडून हातावर आणि नळीवर बसते. केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, तसंच स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेने दाखल असलेले रुग्णही याच यादीत. स्वादुपिंडाच्या रुग्णांवरच्या २००८ च्या एका डच चाचणीत प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के मृत्यू झाले, न दिलेल्यांत ६ टक्के. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये इशारा दिला आहे. आजी शेजारणीकडून आणलेली पुडी मधात कालवून अशा बाळाला चाटवणार असेल तर तिथेच थांबवा. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला द्यायचा नसतो.